डिस्पोजलच्या गाड्या: एका अभ्यासक्षेत्रात प्रवेश करताना

उल्हासनगरच्या पत्त्यांत आजही बॅरक क्रमांक लिहिला जातो. मुंबई बंदरातून ये-जा करणाऱ्या सैन्यासाठी दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ जी ट्रान्झिट छावणी उभारली गेली, तिच्या या बॅरकी. फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या काळात वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' हेच आहे. पलीकडे मलंगगडाच्या बाजूला नेवाळीची युद्धकालीन धावपट्टी आहे. तिच्यासाठी गेलेल्या शेतजमिनींचा प्रश्न 2017 मध्ये रस्त्यावर पेटला होता. लष्कराने कल्याण का निवडले, हे रेल्वेचा नकाशा उघडला की समजते. बंदराकडून आलेला मार्ग इथे फुटतो, एक फाटा नाशिककडे जातो आणि दुसरा पुण्याकडे, म्हणजे देवळाली आणि खडकीच्या छावण्यांकडे.

लष्कराच्या जुन्या गाड्या आणि मोटारसायकली जमवणे, दुरुस्त करणे आणि त्यांचा इतिहास लावणे या विषयाकडे वळणाऱ्या नव्या वाचकाचे मी याच भूगोलातून स्वागत करतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला हा छंद परदेशी मासिकांतून उचलण्याची गरज नाही. छावणी शेजारी होती, कारखाने शेजारी होते आणि हात चालवणारी माणसेही इथलीच होती.

लोक या गाड्यांना 'डिस्पोजलची गाडी' म्हणतात. युद्ध संपल्यावर इथे मागे राहिलेल्या मालाची विक्री सरकारने सुरू केली आणि त्यातून जीप, ट्रक, मोटारसायकली नागरी हातांत आल्या. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्याने कंडेम केलेल्या गाड्याही लिलावाने सुटत राहिल्या. आज असे बरेच लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतात. नव्या माणसाला माझा पहिला सल्ला असा की गाडीआधी कागद पाहा. लिलावाचा कागद आणि आरसी बुक यांची साखळी तुटलेली असेल, तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी हात आखडता घ्या.

जीपवर थोडे थांबतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिच्यापासूनच होते. 1941 ते 1945 या वर्षांत विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी एकाच आराखड्यावर सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. 80 इंचांचा व्हीलबेस, 2.2 लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे 60 अश्वशक्ती हे दोघींत सारखेच. ओळख पटते ती बारकाव्यांत. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीजची चासी, उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा असेल तर फोर्डची. फोर्डने बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी 'एफ' उठवला होता.

आपल्याकडची जीप तपासू लागले की हे सगळे एकत्र सापडते. चासी फोर्डची, इंजिन विलीजचे, बॉनेट महिंद्राचे. त्यामागे इतिहास आहे. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमार्फत जुन्या जीप घेण्याचा व्यवहार झाला आणि तो पुढे संसदेत गाजला. त्याच सुमारास महिंद्राने विलीजकडून सुट्या भागांच्या रूपात 75 गाड्या आणल्या आणि 1949 मध्ये मुंबईत माझगावला त्या जोडायला सुरुवात केली. नंतर उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी आली आणि तोच चेहरा भारतीयांच्या डोळ्यांत 'जीप' म्हणून ठसला. 1965 मध्ये खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी 106 मिलिमीटरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडले, ती तोफही जीपवरच बसवलेली होती.

मिसळ झालेली अशी गाडी पाहून काही संग्राहक नाक मुरडतात. सगळे भाग 1943 चे हवेत, बॉनेटवर पांढरा अमेरिकी तारा हवा, असा त्यांचा आग्रह असतो. मला तो मान्य नाही. सातबाऱ्यावर फेरफाराच्या नोंदी चढत जातात, तशा या गाडीवर तिच्या मालकांच्या नोंदी चढलेल्या असतात. सैन्यानंतर ती एखाद्या सरकारी खात्यात राबली असेल, खडीच्या खाणीवर फिरली असेल, तिथे कुणी तिला डिझेल इंजिन बसवले असेल, फाटलेल्या चासीला पट्टी मारली असेल. तारा रंगवून हे सगळे पुसले, तर शिल्लक राहते ती युरोपातल्या लढाईची नक्कल. कल्याणमध्ये सापडलेल्या जीपने कल्याणचीही गोष्ट सांगितली पाहिजे. या क्षेत्रात येणाऱ्याने एवढी एक गोष्ट मनाशी धरली, तर बाकीचे तंत्र शिकता येते.

रंगाचेच उदाहरण घ्या. डॅशबोर्डमागची किंवा सीटखालची एखादी झाकलेली जागा निवडून पाण्याच्या पॉलिश पेपरने सावकाश घासली की थर उघडे पडतात: वर मालकाचा निळा किंवा लाल, मग प्रायमर, मग भारतीय सैन्याचा हिरवा, कधी तळाशी आणखी जुना ऑलिव्ह. कधी या थरांत अंकही उमटतात. आपल्या सैन्याच्या नंबरप्लेटवर वर टोक केलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात आल्याचे वर्ष सांगतात. तेवढे दोन आकडे वाचता आले, तरी गाडीचा शोध कुठून सुरू करायचा ते कळते. घासण्याआधी आणि घासल्यावर मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तारीख घाला, वहीत लिहा. गॅस वेल्डिंगची ज्योत लागल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.

आणि इथे कायदा आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरता राखून ठेवलेला आहे. लष्करी गाडी तिच्या खऱ्या रंगात रस्त्यावर आणता येत नाही, याची हळहळ मला कळते. तरी नियमामागचे कारण रास्त आहे, सैन्याची गाडी कोणती हे सामान्य माणसाला शंकेविना ओळखता यायला हवे. म्हणून बाहेर वेगळी छटा द्यावी आणि आतला मूळ रंगाचा एक तुकडा तसाच राखावा. तो तुकडा अभ्यासकाला पुरतो.

2021 पासून विंटेज वाहनांना स्वतंत्र नोंदणी मिळू लागली, ही मोठी सोय झाली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ही गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. 'मूळ रूप' या अटीमुळे माझ्या वरच्या म्हणण्याला पेच पडतो, हे खरे. डिझेल बसवलेल्या जीपचा इतिहास मोलाचा असला तरी या नोंदणीत तिची वाट अवघड आहे. अशा वेळी काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा, भंगारात घालू नये.

मोटारसायकलींचे जग आणखी बारीक कामाचे. बीएसए एम-20 आणि नॉर्टन 16-एच या युद्धकालीन ब्रिटिश गाड्या साध्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनांच्या, 500 सीसीच्या आतबाहेर, वेगाला मंद पण चिवट. त्यांच्या बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची आहेत. मेट्रिक पाना लावला की बोल्टाचे कोपरे गेलेच म्हणून समजा. बुलेटची कथा आपली आहे. पन्नाशीच्या दशकात सैन्याने 350 सीसीच्या शेकडो बुलेट मागवल्या, त्या मागणीच्या जोरावर 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतली निसान वंशाची जोंगा अवजड आणि तहानलेली, पण माळशेजच्या चढावर तिच्या सहा सिलिंडरांचा आवाज ऐकलेला माणूस तिला विसरत नाही.

आपल्या पट्ट्यातली गाडी खाल्ली जाते ती पावसाने आणि खाडीच्या खाऱ्या हवेने. विलीजच्या फरशीखाली टोपीसारख्या दुमडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांत लाकडाचे ठोकळे बसवलेले असतात. लाकूड पाणी पिते, आतला पत्रा कुजतो आणि वरून लांबी भरून रंग मारलेली फरशी मात्र ठणठणीत दिसते. विकत घेण्याआधी खाली झोपून तिथे टोच्या मारून बघा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, त्याने जुने रबर आणि कार्ब्युरेटरमधला कॉर्क बिघडतो. पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या रबराच्या घालणे इथे भागच आहे, त्यात मूळपणाचा हट्ट धरू नये.

न मिळणारा भाग घडवावा लागतो. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ इथल्या छोट्या वर्कशॉपांत तो हात आजही आहे. बुश काढणारा टर्नर, दात तुटलेल्या गिअरवर धातू चढवणारा वेल्डर, ओतकाम करणारा फाउंड्रीवाला. अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कारागिरांची एक पिढी अजून आसपास राहते. त्यांच्या आठवणी कुणी नीट टिपून घेतलेल्या नाहीत आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत तातडीचे काम तेच आहे. गाडी आणखी दहा वर्षे ताडपत्रीखाली तग धरेल. कुठला टॉलरन्स ठेवायचा, कुठला धातू कशाला चालतो, हे जाणणारा माणूस सत्तरी ओलांडून गेलेला आहे.

सुरुवात करणाऱ्याने एकदा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जावे. तिथले रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते खुले झाले आणि त्यात रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून पुढचा सारा प्रवास उघड्यावर मांडलेला आहे. रिव्हेट कसे बसवलेत, साखळीचे दुवे कसे जोडलेत, रंग कुठे सोलला आहे, ते वहीत उतरवा. परत आल्यावर घराजवळच्या जुन्या गॅरेजमध्ये जा, मेस्त्रीला चहा सांगा आणि या भागात पूर्वी डिस्पोजलच्या गाड्या कुणाकडे असायच्या, एवढेच विचारा.