किती देते?

नवी गाडी दारात आली, हार घातला, पेढे वाटले, की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" किंमत विचारणे जरा आगाऊपणाचे वाटते. विम्याबद्दल विचारावे असे तर कोणाच्या मनातही येत नाही. अ‍ॅव्हरेज मात्र सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी स्कूटरवालाही विचारू शकतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. २०१०च्या सुमारास मारुती सुझुकीने 'कितना देती है?' या एका प्रश्नावर जाहिरातींची मालिकाच केली आणि सगळा देश स्वतःलाच ओळखून हसला.

गाडी घेताना मांडायच्या हिशेबाला खरे तर चार रकाने असतात : खरेदीची किंमत, तेलाचा खर्च, विमा आणि पुढे गाडी विकताना हाती येणारी रक्कम. गेल्या सत्तर वर्षांत आपल्याकडे हा हिशेब कसा मांडला गेला ते पाहताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. प्रत्येक पिढीने यातला एखादाच रकाना भिंग लावून तपासला. तो कोणता, हे बहुतेक वेळा दिल्लीतल्या धोरणाने ठरवले. आणि एक रकाना कोणत्याच पिढीने नीट वाचला नाही.

आधी शब्दाबद्दल. इंग्रजी वळणाचा माणूस 'मायलेज' म्हणतो. त्या शब्दात मैल आहे, कारण तेव्हा हिशेब गॅलनला किती मैल असा होता. १९५६च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर मैलाचे दगड किलोमीटरचे झाले, पंपावर गॅलनऐवजी लिटर आले, पण शब्दातला मैल तसाच राहिला. मराठी बोलीने मात्र 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द धरला, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. घाटात कमी, हायवेला जास्त, शहरात त्याहून कमी, या सगळ्याची सरासरी. आमच्या आधीच्या पिढीतल्या अनेक नोकरदारांच्या गाडीत, डॅशबोर्डच्या खणात, एक छोटी वही असे. तारीख, किलोमीटरचा आकडा, भरलेले लिटर, दिलेले पैसे. टाकी फुल करायची, पुन्हा फुल करेपर्यंत चालवायची आणि भागाकार करायचा. गाडीबरोबर आलेल्या छापील माहितीपेक्षा या वहीवर त्यांचा भरवसा जास्त होता.

परवान्यांच्या काळात गाडी घेणाऱ्याला निवड अशी फारशी नव्हतीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढाच बाजार. १९५९च्या आदेशाने गाड्यांच्या वितरणावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या, तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक गाडी बनवायला किती खर्च येतो आणि त्यावर किती नफा रास्त, याचा हिशेब थेट न्यायमूर्तींसमोर मांडला गेला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या नावाचा तो १९७१चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात.

पण नियंत्रित किंमत ही कागदावरची किंमत होती. गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हातात असलेली गाडी कागदावरच्या किमतीपेक्षा महाग विकली जाई. त्या वरच्या पैशाला बाजारात 'ऑन' म्हणत. त्यामुळे आज ज्याला आपण घसारा म्हणतो, तो त्या हिशेबात नीटसा नव्हताच. वापरलेली गाडी नव्याहून महाग जाते, असा उलटा व्यवहार त्या पिढीने पाहिला. गाडी म्हणजे सोन्यासारखी गुंतवणूक, ही समजूत तिथून आली. पुढे ती खरी राहिली नाही, तरी घरातले वडीलधारे बरीच वर्षे तिला धरून होते.

तेलाच्या रकान्याकडे लक्ष गेले ते १९७३ मध्ये. अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत सुमारे बारा डॉलरवर गेला. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९चे. ज्याला पेट्रोल स्वतःच्या पगारातून भरायचे होते, त्याला हा फरक आता महिनाअखेरीला कळू लागला. अ‍ॅम्बॅसेडर सरकारी पोर्चमध्ये शोभत राहिली, कारण तिथे पेट्रोलचे बिल दुसरे कोणी भरत होते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, हलकी बॉडी, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आधी पैसे भरून लाखाहून जास्त लोक रांगेत उभे राहिले होते. मारुतीने मध्यमवर्गाच्या हिशेबात दोन गोष्टी एकदम आणल्या. गाडी थोडक्या पेट्रोलवर चालते ही एक. दुसरी अशी, की सकाळी चावी फिरवली की ती सुरू होते. अ‍ॅम्बॅसेडर-फियाटवाल्यांना मेकॅनिक घरच्या माणसासारखा ओळखीचा लागे. त्याचा खर्च कोणत्याच रकान्यात लिहिला जात नसे, तो अंगवळणी पडलेला असे. मारुतीने तो कमी केल्यावर तो किती होता हे कळले. जानेवारी २०१४ मध्ये ८००चे उत्पादन थांबले. त्यानंतरही जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला गिऱ्हाईक राहिले, ते याच दोन गुणांमुळे.

तेलाच्या रकान्याचे सगळ्यांत मोठे नाट्य मात्र डिझेलचे. शेतकरी, ट्रक आणि एसटी यांच्यासाठी सरकार डिझेल स्वस्त ठेवत असे. त्या सवलतीत मोटारवालाही शिरला. १९९८च्या डिसेंबरात टाटांची पिंपरी-चिंचवडची इंडिका आली आणि छोट्या गाडीतही डिझेल मिळू लागले. जून २०१०मध्ये सरकारने पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे धरून ठेवले. दोघांतली दरी रुंदावत गेली. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल त्र्याहत्तर रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल एक्केचाळीसच्या आसपास होते. त्या काळात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. रांजणगावच्या कारखान्यात बनणारे फियाटचे १.३ लिटरचे इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसत होते.

तेव्हा घराघरांत चाललेला हिशेब असा. डिझेल गाडी सुमारे लाखभराने महाग. पेट्रोल ७० रुपये आणि लिटरला १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला ४ रुपये ६७ पैसे. डिझेल ४१ रुपये आणि लिटरला २० किलोमीटर धरले, तर २ रुपये ५ पैसे. बचत २ रुपये ६२ पैसे. म्हणजे वरचा लाख वसूल व्हायला अडतीस हजार किलोमीटर. वर्षाला दहा हजार चालवणाऱ्याला जवळजवळ चार वर्षे. हिशेब बरोबर होता. त्यात एकच गृहीतक न लिहिलेले होते : दरांमधले अंतर असेच राहील.

ते राहिले नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले. पेट्रोल ६० आणि डिझेल ५० धरून तोच भागाकार करा. बचत दीड रुपयावर येते आणि लाख वसूल व्हायला सदुसष्ट हजार किलोमीटर लागतात, म्हणजे त्याच माणसाला पावणेसात वर्षे. एप्रिल २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हा तिथल्या मालकांचा चौथा रकानाही कोसळला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच सोडले. धोरण बदलले की गाडीच्या व्यवहारातला शहाणपणा बदलतो, हे इतक्या थोड्या वर्षांत आणि इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

गाडीची लांबीसुद्धा अशीच ठरली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि ठरावीक सीसीच्या आतल्या इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. पुढे डिक्कीच्या गाड्यांच्या शेपट्या छाटल्या गेल्या. आखूड डिक्कीच्या त्या गाड्या पाहून ओबडधोबड डिझाइन म्हणून नावे ठेवली गेली. खरे तर ती रेघ अर्थमंत्र्यांनी आखलेली होती.

छापील अ‍ॅव्हरेजचाही असाच एक इतिहास आहे, आणि तो पुण्यातला आहे. कोथरूडला वेताळ टेकडीवर १९६६मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. जाहिरातीतला आकडा अशा चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. बरीच वर्षे वापरात असलेला हा आलेख ११८० सेकंदांचा, साधारण साडेदहा किलोमीटरचा. कमाल वेग ९०. त्यात कात्रजचा घाट नाही, मे महिन्यातला एसी नाही, आणि मागे बसलेले तीन पाहुणे नाहीत. लोक या आकड्याला खोटा म्हणतात, पण तो खोटा नसतो. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा देता यावी, एकीची तुलना दुसरीशी करता यावी, यासाठी तो असतो. माझ्या घाटात माझी गाडी किती देईल हे सांगायला वहीच लागते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. जुन्या बनावटीच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच दिलेला होता. छापील आकडा तोच राहिला तरी वहीतला बदलला.

आता तो न वाचलेला रकाना.

विम्याला आपल्याकडे 'भरावा लागतो' असेच क्रियापद लागते. घरपट्टीसारखे. थर्ड पार्टी विमा सक्तीचा करण्याची कल्पना १९३०च्या ब्रिटिश कायद्यातली. आपल्याकडे ती १९३९च्या मोटार वाहन कायद्यात आली, आणि त्यातले विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६पासून अमलात आले. १९७३च्या जानेवारीत सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून २००६ संपेपर्यंत हप्ता कुठेही गेलात तरी दरपत्रकाप्रमाणेच, म्हणून चौकशी करण्याची सवयच लागली नाही. १ जानेवारी २००७ला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले आणि मग घासाघीस सुरू झाली : घसाऱ्याने उतरत जाणारी गाडीची विमा-किंमत, दावा न केल्याबद्दल २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढणारी सूट, शोरूमच्या पॉलिसीपेक्षा बाहेर स्वस्त मिळते का, वगैरे. ही सगळी घासाघीस स्वतःच्या पत्र्यासाठी आहे. थर्ड पार्टीचा दर अजूनही सरकारच ठरवते, तोही सीसीवरून. जून २०२२च्या दरांनुसार हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७.

हा पैसा कशाचा आहे ते पाहण्यासाठी एक वेगळा भागाकार, खरे तर गुणाकार, करून पाहावा. बत्तीस वर्षांचा, स्वतःचे छोटे दुकान असलेला, महिना पंधरा हजार कमावणारा माणूस रस्ता ओलांडताना कोणाच्या तरी गाडीखाली गेला. मागे बायको, दोन मुले, आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी खटल्यांत भरपाईची रीत ठरवून दिली आहे. कमाईत पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : एकवीस हजार. वर्षाचे दोन लाख बावन्न हजार. त्याने स्वतःवर केला असता तो चौथा हिस्सा वजा : एक लाख एकोणनव्वद हजार. वयाप्रमाणे गुणक सोळा. तीस लाख चोवीस हजार, आणि वर काही ठरावीक किरकोळ रकमा. चूक गाडीची ठरली, तर अपघात दावा न्यायाधिकरण एवढी रक्कम देववते.

गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर ती विमा कंपनी भरते. नसेल तर निकाल मालकाविरुद्ध जातो, आणि जुनी हॅचबॅक चालवणाऱ्या माणसाकडून तीस लाख वसूल कसे करायचे, हा प्रश्न त्या विधवेच्या पदरात पडतो. देशातली निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, त्यांत दुचाकी जास्त. लोक पहिल्या वर्षीचा विमा गाडीबरोबर घेतात आणि पुढे सोडून देतात, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यायला लावला. तरी विनाविमा पकडले गेल्यास पहिल्या वेळचा दंड दोन हजार रुपये आहे. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण लोकांच्या मनातल्या हिशेबात दंडच असतो, आणि तो सगळ्यात छोट्या गाडीच्या हप्त्याहूनही कमी पडतो. पैशापुरते पाहिले तर विमा न भरणारा चुकत नाही. किती देते या प्रश्नाच्या शाळेत तो शिकलेला असतो.

गाडी परवडते का, हे ठरवताना किंमत, तेल आणि विक्री हे तीन रकाने आपल्या खिशाचे आहेत. त्यांत चूक झाली तर आपले लाखभर रुपये जातात, आणि ते कोणा ना कोणा सरकारच्या निर्णयाने अधूनमधून जाणारच, असे इतिहास सांगतो. चौथा, विम्याचा रकाना, अर्धा आपला आणि अर्धा ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही अशा माणसाचा आहे. शोरूममधला मुलगा ऑन-रोड किमतीचा कागद पुढे सरकवतो, तेव्हा त्यावर ती ओळ बारीक अक्षरांत, आरटीओ आणि अ‍ॅक्सेसरीजच्या मध्ये कुठेतरी असते. आपण अ‍ॅक्सेसरीजवर बोट ठेवून घासाघीस करतो. त्याआधी बोट क्षणभर या ओळीवर थांबावे, आणि तीन वर्षांनी तिची मुदत संपते तो महिना वहीत लिहून ठेवावा, एवढेच मला सुचवायचे आहे.