पगारातले दोनशे रुपये आणि दुष्काळाचा कायदा

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या श्रीगोंद्याच्या बहुतेक पोरांच्या पगारातून दरमहा 'पीटी'चे दोनशे रुपये कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर १९७५ साली आला. तो कशासाठी आला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तो आला रोजगार हमीची मजुरी भागवण्यासाठी.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. इथली म्हातारी माणसं स्वतःचं वयही बहात्तरच्या दुष्काळावरून मोजतात. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी पाझर तलावाची माती वाहत होतं. पण ही कामं म्हणजे सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की कामं बंद.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हा विचार उलटा केला. काम मागणं हा माणसाचा हक्क आणि ते देणं ही सरकारची जबाबदारी. विधिमंडळाने १९७७ साली तसा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

पण हक्क म्हटला की पैसा आला. त्यासाठी व्यवसाय करासोबत वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर जादा कर बसवले. जेवढा कर गोळा होईल, तेवढीच भर सरकारने घालायची. मोठा वाटा मुंबईचा. म्हणजे शहरातल्या पगारदाराने कोरडवाहू गावातल्या मजुराची चूल पेटती ठेवायची.

आता याचं माप काढू.

जमेची बाजू मोठी आहे. कामावर बायका मोठ्या संख्येने आल्या आणि बाई-पुरुषाला कामाचा दर एकच मिळाला. गावातल्या बागायतदाराला मजुरी पाडून देणं अवघड झालं, कारण मजुराला दुसरा दरवाजा उघडा होता. पुढे २००५ साली देशाने असाच कायदा केला.

खोटही आहे. १९८८ पासून या कराची घटनेतली कमाल मर्यादा वर्षाला अडीच हजारच आहे. त्यामुळे कारकून आणि कंपनीचा मोठा साहेब सारखाच कर भरतात. पाझर तलाव बांधला भूमिहीनाने, पाणी वाढलं ते खालच्या विहिरीचं, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. आणखी एक: कर नेमाने जमा झाला, पण त्यातला मोठा पैसा कैक वर्षं खर्चच झाला नाही. काम मागणारे होते, पण मागणी नोंदवून घेणारं कुणी नव्हतं.

तरी माझं मत कायद्याच्या बाजूने आहे. कराची रचना तोकडी आहे, ती सुधारता येईल. पण नुसतं आश्वासन आणि ज्यामागे ठरलेला पैसा आहे असा हक्क, यांत फरक असतो. तो या राज्याने दाखवून दिला. आता दोनशे रुपये भरणाऱ्याने आपल्या पैशाचं काम कुठल्या गावात झालं, एवढं तरी विचारावं. ग्रामसभेत हजेरीपट मागणाऱ्याला तेवढाच आधार होईल.