मनमाडमार्गे काच

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, काचेच्या भट्ट्यांसाठी कधी ओळखले गेले नाही. कंदिलाच्या काचा, बांगड्या, औषधाच्या बाटल्या, चष्म्याची भिंगे, फोटोच्या काचा हा माल इथे बाहेरून यायचा. पेटीत भुसा किती भरला यापेक्षा ती वाटेत किती वेळा उतरवली-चढवली, यावर तो धड पोचणार की नाही हे ठरे. शहर बंदरापासून दूर, मुख्य लोहमार्गापासून बाजूला आणि शिवाय निजामाच्या हद्दीत होते. म्हणून इथल्या काचेचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या वाटेचाच इतिहास आहे.

या भागातून बाहेर गेलेल्या नाजूक मालाची सर्वांत ठळक हकिगत अजिंठ्याची आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याच्या कामगिरीवर आले आणि अजिंठा गावच्या बारादरीत राहू लागले. १८५६ च्या सुमारास त्यांनी कॅमेराही हाती घेतला. त्या काळात छायाचित्रकार प्रामुख्याने ओल्या कोलोडियनची पद्धत वापरत. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. हे सारे काही मिनिटांत आटपावे लागे. त्यामुळे रसायने, पाणी आणि अंधारी राहुटी घेऊन छायाचित्रकारालाच लेण्यापाशी जावे लागे.

या पद्धतीत येणारी काच आणि जाणारी काच यांची किंमत एक नव्हती. येताना ती कोरी असे. फुटली तर दुसरी मागवता येई. जाताना तिच्यावर जगातली एकमेव प्रतिमा असे. अशा काचा खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत उभ्या ठेवत, आडव्या कधीच नाही. आडव्या थरात खालच्या काचेवर वरच्या सगळ्यांचा भार येतो आणि गाडी उसळली की ती वाकून तडकते. उभी काच मात्र आपल्या कडेवर बराच धक्का सोसते. जुन्या काचा सांभाळणारी संग्रहालये आजही हाच नियम पाळतात.

पेटी भरली की खरा प्रवास सुरू होई. अजिंठ्याचा घाट उतरून बैलगाडी खानदेशात जाई. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६३ च्या सुमारास भुसावळपर्यंत आली, तोवर मुंबईचा रस्ताही गाडीवानांच्याच हाती होता, आणि त्या गाड्यांना स्प्रिंगा नव्हत्या. मुंबईहून सुएझच्या वाटेने जाणारा माल जहाजातून उतरे, मिसर देश जमिनीवरून ओलांडे आणि अलेक्झांड्रियाला पुन्हा जहाजात चढे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, तेव्हा ही एक चढउतार वाचली. गिल यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आणि जेम्स फर्ग्युसन यांचा मजकूर असलेले लेण्यांवरचे पुस्तक लंडनमध्ये १८६४ साली निघाले. गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या कॅनव्हासवरच्या नकला मात्र लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. कॅनव्हास गुंडाळता येतो, फुटत नाही. प्रवासात तो काचेपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण घात झाला तो मुक्कामी पोचल्यावर.

१८८० च्या सुमारास कारखान्यात तयार झालेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि राहुटीची गरज संपली. या काचा डझनाच्या खोक्यात, जोडीजोडीने लेपाची बाजू आत करून गुंडाळलेल्या येत. आता कोरी काचही महाग आणि नाजूक झाली, कारण फुटण्याबरोबर उजेड लागण्याचेही भय आले. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरूळ, दौलताबाद आणि औरंगाबादची चित्रे याच युगात टिपली. तेव्हा औरंगाबादला रेल्वे नव्हती. वेरूळ-औरंगाबादचा प्रवासी नांदगाव स्टेशनवर उतरून टांग्याने पुढे जाई आणि सामानही तसेच जाई. दीनदयाळ यांच्या २८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. शतकभर घरे आणि गावे बदलत इतक्या काचा टिकाव्यात, हे बांधणाऱ्याच्या हाताचे प्रशस्तिपत्रच म्हणायचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादकडे धावू लागली. शहराला लोहमार्ग मिळाला, पण तो मीटरगेज. मनमाडला येणारी मुंबईची गाडी ब्रॉडगेज. रुळांतले अंतर एकीकडे १.६७६ मीटर, दुसरीकडे १ मीटर. एकीची वाघीण दुसरीच्या रुळावर जाऊच शकत नाही. म्हणून औरंगाबादचा प्रत्येक डाग मनमाडच्या मालधक्क्यावर हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. तांदूळ, कापूस, लोखंड यांना त्याचे काही नव्हते. काचेला होते. रुळावरचा धक्का लहान आणि सारखा असतो. त्याला पेंढा पुरतो. पाठीवरून सुटलेले खोके तीन-चार फुटांवरून एकदम आदळते, आणि त्याला पुरेसा पेंढा भरायचा तर खोक्यात काचेला जागा उरत नाही.

मराठी मुलखातल्या काही काचेला तर हा त्रास दुप्पट होता. स्वदेशीच्या लाटेत १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, त्यावरून त्या गावाला ओगलेवाडी हे नाव पडले आणि पुढे तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला. पण कऱ्हाडवरून जाणारी पुणे–मिरज लाईन मीटरगेज, पुणे–दौंड–मनमाड ब्रॉडगेज आणि मनमाड–औरंगाबाद पुन्हा मीटरगेज. ओगलेवाडीचा माल रेल्वेने औरंगाबादला यायचा तर पुण्यात एकदा आणि मनमाडला एकदा, असा दोनदा हात बदले. मुंबई बंदरात उतरलेल्या परदेशी काचेला ही अदलाबदल एकदाच सोसावी लागे. स्वदेशी मालाची महागाई सांगताना भट्टी, कोळसा आणि जकात यांचा हिशेब नेहमी मांडला जातो. मालधक्क्यावरच्या फुटीचा क्वचितच.

बांधणीचे साहित्य जागेनुसार बदले. भाताच्या मुलखात पेंढा, लाकडाच्या वखारींपाशी भुसा, तर मराठवाड्यात कापूस भरपूर. आयात मालाची देवदारी खोकी पुन्हा पुन्हा वापरली जात, वरून गोणपाट शिवला जाई आणि पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या जात. कुशल बांधणाऱ्याचे दोनच नियम होते: काचेला काच लागू द्यायची नाही, आणि खोके हलवले तर आत आवाज येता कामा नये.

कायद्याने मात्र काच फुटणार हे गृहीतच धरले होते. १८६५ च्या मालवाहतूक कायद्यात आणि १८९० च्या रेल्वे कायद्यात सोने, जवाहीर आणि कलाकृतींच्या यादीत काचेचा मालही बसवला होता. डागाची किंमत शंभर रुपयांच्या वर असेल तर ती आधी जाहीर करून जादा आकार भरायचा, नाहीतर भरपाई मागायची नाही. स्वस्त दर हवा असेल तर माल ‘मालकाच्या जोखमीवर’ पाठवायचा. बहुतेक व्यापारी स्वस्त दर घेत आणि फुटीची टक्केवारी आधीच किमतीत धरत. थोडक्यात, न फुटलेली काच घेणारा गिऱ्हाईक फुटलेल्या काचेचेही पैसे भरी.

टपालाची गोष्ट थोडी निराळी. निजामाच्या राज्याचे स्वतःचे टपालखाते होते, १८६९ पासून स्वतःची तिकिटे होती, आणि छावण्यांच्या ठिकाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालकचेऱ्याही होत्या. संस्थानी खाते १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाले. १८७७ मध्ये व्ही. पी. पार्सल सुरू झाल्यावर मुंबई-पुण्याच्या दुकानांतून चष्मे, घड्याळाच्या काचा आणि औषधे लहान गावांत सरळ जाऊ लागली. गिऱ्हाईक पार्सल सोडवताना पैसे देई, म्हणून नीट बांधणे ही विकणाऱ्याचीच गरज झाली. १८९८ च्या टपाल कायद्याने विमा न उतरवलेल्या वस्तूच्या नुकसानीतून सरकारला मोकळे ठेवले. पण सोबतच्या टपालाला किंवा कर्मचाऱ्याला इजा करील असे काही पाठवण्यास मनाईही केली. द्रवाची बाटली खोक्यात घालून भोवती ती फुटली तरी सगळे शोषून घेईल इतका भुसा भरावा, हा नियम त्याच काळजीचा. टपालाला तुमच्या काचेची चिंता नव्हती, शेजारच्या पत्रांची होती.

मनमाड–औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला तो १९९० च्या दशकात, आणि मनमाडची अदलाबदल संपली. त्याच दशकात या शहराचे काचेशी असलेले नाते उलटले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत स्टरलाइटने ऑप्टिकल फायबर ओढायला सुरुवात केली. २००० मध्ये हा व्यवसाय वेगळी कंपनी झाला आणि पुढे शेंद्र्याला ज्या काचेच्या दांड्यांपासून फायबर निघतो त्यांचाही कारखाना आला. काच आता इथून बाहेर जाऊ लागली, तीही ०.१२५ मिलिमीटर जाडीची. एका किलोमीटर तंतूत काच जेमतेम २७ ग्रॅम असते.

इतकी बारीक काच टिकते कशी, याचे उत्तर संशोधक ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास दिले होते. काच मुळात दुबळी नसते. तिच्या पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिला दुबळी करतात. म्हणून सुमारे २००० अंश सेल्सिअसला दांडीतून ओढलेला तंतू थंड होताच, कशालाही स्पर्श होण्याआधी, त्याच मनोऱ्यात त्यावर दोन लेप चढतात: आतला मऊ, बाहेरचा कडक. पेंढा आणि देवदारी खोके यांचीच ही जोडी, फक्त ती काचेबरोबरच जन्माला येते. नंतर सगळा तंतू ताण देऊन चाचणीतून काढतात, म्हणजे जिथे तुटायचा तिथे कारखान्यातच तुटतो. मग तो रिळावर गुंडाळून खोक्यात बसवला जातो.

पोचल्यावर तपासणीही बदलली आहे. पूर्वी खोके फोडून एकेक काच उजेडात धरावी लागे. आता रिळाच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडतात. वाटेत तंतू तुटला असेल तर परत आलेल्या प्रकाशाच्या वेळेवरून तो किती मीटरवर तुटला हे यंत्रावर दिसते, आणि त्यासाठी रीळ उलगडावेही लागत नाही.