कळफलक अचानक भाषा का बदलतो? लिनक्समधील दोन सत्तांचा इतिहास

१/ लिनक्सवर लिहिता लिहिता इंग्रजीऐवजी देवनागरी उमटू लागते. पासवर्डच्या चौकटीत तर केवळ ठिपके दिसतात. बदल ध्यानात येत नाही आणि अचूक पासवर्डही नाकारला जातो. या गोंधळाची मुळे तीन दशकांहून जुनी आहेत.

२/ १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो प्रणाली जन्मली. तिची १९८७ ची अकरावी आवृत्ती पुढे लिनक्सवर रुळली. युरोपीय लिप्यांना ‘एक कळ, एक अक्षर’ हा नियम बहुतांशी पुरे. चिनी-जपानी लेखनातील हजारो चिन्हांना तो पुरणे अशक्य होते.

३/ म्हणून नव्वदच्या दशकात दोन व्यवस्था शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एक्सकेबी कळांची मांडणी ठरवी; एका वेळी जास्तीत जास्त चार. एक्सआयएम मात्र कळा मध्येच अडवून, त्यांतून शब्द घडवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामच्या हाती सोपवी. एका कळफलकावर दोन सत्ता आल्या.

४/ मराठीला दोन्ही वाटा खुल्या होत्या. भारतीय मानक आयएस १३१९४:१९९१ मधील इनस्क्रिप्ट मांडणी एक्सकेबीत बसे. रोमन अक्षरांतून मराठी घडवणाऱ्यास मात्र दुसऱ्या व्यवस्थेचे साहाय्य लागे.

५/ भाषा बदलण्याची कळही वादग्रस्त ठरली. स्किम या प्रोग्रामने कंट्रोल-स्पेस ही जोडी घेतली. ईमॅक्समध्ये तीच जोडी मजकुराच्या निवडीचा आरंभ नोंदवीत असे. २००९ मध्ये फेडोरा ११ ने स्किमच्या जागी आयबस आणले.

६/ सप्टेंबर २०१२ मध्ये ग्नोम ३.६ ने आयबस थेट डेस्कटॉपमध्ये गुंफले. मांडण्या आणि लेखनपद्धती एकाच यादीत याव्यात, हा हेतू रास्त होता. परंतु सेट-एक्सकेबी-मॅप या जुन्या आज्ञेने केलेला बदल आता डेस्कटॉप आपल्या यादीनुसार पुसून टाकू शकत होता. पुढे सुपर-स्पेस ही जोडी रूढ झाली. चुकून दाबली तरी भाषा पालटते.

७/ दोषाचा शोधही याच क्रमाने घ्यावा. प्रथम भाषाबदलाची कळ तपासावी. मग यादीतील अनावश्यक मांडण्या काढाव्यात. प्रत्येक खिडकीस स्वतंत्र भाषा देणारा पर्याय चालू आहे का, तेही पाहावे. अखेरीस जुनी आज्ञा एखाद्या आरंभीच्या स्क्रिप्टमध्ये उरली असल्यास ती हटवावी.

८/ एकभाषिकाला हा उपद्रव वाटतो. मराठी लेखकाला मात्र एका वाक्यातही लिपी बदलावी लागते. त्याने ही सोय बंद करू नये. कळफलकाचा कारभार एकाच सत्तेकडे ठेवावा.