अमेरिकेचें नवें संगीत आणि चार वादक

१९७३ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील एक रात्र. अमेरिकेच्या वायव्येस असलेल्या सिॲटल शहरांत डेव्हिड हॅरिंग्टन नांवाचा २३ वर्षांचा एक व्हायोलिनवादक रेडिओ लावून बसला होता. व्हिएतनाममधून अमेरिकेचें लढाऊ सैन्य त्याच वर्षीं माघारीं आलें होतें. परंतु त्या युद्धानें तरुणांच्या मनांत उठविलेलें काहूर शमलें नव्हतें. हॅरिंग्टन लहानपणापासून बेथोव्हेनचें संगीत ऐकत व वाजवीत आला होता. त्या संगीतावर त्याची भक्ति होती. पण आपण ज्या काळांत जगत आहों त्या काळाचा सूर त्यांत सांपडत नाहीं, ही रुखरुख त्यास लागून राहिली होती. त्या रात्रीं रेडिओवरून जें ऐकूं आलें, तें त्यानें पूर्वीं कधींच ऐकलेलें नव्हतें. आरंभींच चार तंतुवाद्यांचा कर्कश चीत्कार, जणूं असंख्य कीटकांचा थवा अंगावर यावा. मग कुजबुज, घंटेचा गंभीर नाद, आणि मध्येंच जुन्या काळची एक संथ, करुण सुरावट. रचनेचें नांव होतें 'ब्लॅक एंजल्स', म्हणजे 'काळे देवदूत'. तिचे कर्ते जॉर्ज क्रम्ब. हें संगीत आपण वाजविलेंच पाहिजे, असें त्या तरुणाच्या मनानें घेतलें. आणि वाजवावयाचें तर सोबत आणखी तिघे हवेत. १ सप्टेंबर १९७३ रोजीं त्या चौघांची पहिली तालीम झाली. पुढें जगभर विख्यात झालेल्या क्रोनोस चतुष्टयाचा जन्म तो हाच.

तंतुवाद्यांचें चतुष्टय, इंग्रजींत ज्यास स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात, तें पाश्चात्त्य संगीतांतील एक जुनें व मानाचें रूप आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, एवढाच त्याचा संसार. अठराव्या शतकांत हायडन ह्यांनीं त्यास घाट दिला व बेथोव्हेन ह्यांनीं त्यास पराकाष्ठेची खोली दिली. शंभर वादकांच्या वाद्यवृंदाचा दिमाख येथें नाहीं. हें बैठकीचें संगीत. चौघे एकमेकांसमोर बसतात, पुढें दिग्दर्शक नसतो, आणि एकाचा श्वास दुसऱ्यास कळावा लागतो.

मात्र आपल्या बैठकींत व ह्या बैठकींत एक मोठा भेद आहे. आपला गवई बंदीश गुरूकडून घेतो. पण रागाचा विस्तार तो त्याच क्षणीं आपल्या कंठांत घडवीत असतो. रचणारा व गाणारा बहुधा एकच. पश्चिमेकडे हे दोन व्यवसाय गेल्या कांहीं शतकांत विभागले गेले. रचनाकार एकांतांत बसून स्वर कागदावर लिहितो. ते ध्वनिरूपास आणणारे हात दुसऱ्याचे असतात. ते हात मिळाले नाहींत तर रचना मुकी राहते. नव्या संगीताच्या इतिहासांत वादकांचें स्थान म्हणूनच केवळ सेवकाचें नसतें. कोणती कृति जगेल व कोणती पेटींत पडून राहील, ह्याचा निर्णय पुष्कळदां त्यांच्याच हातीं असतो.

अमेरिकेंत ह्या गोष्टीचा अनुभव फार कडू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथील संगीतसभा युरोपच्या उसनवारीवर चालत. 'अमेरिकन' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेलें चतुष्टयसुद्धां १८९३ सालीं आयोवा प्रांतांतील एका खेड्यांत लिहिलें तें आंतोनिन ड्वोर्झाक ह्या बोहीमियाच्या पाहुण्यानें. त्याच सुमारास ज्यांची प्रतिभा उमलत होती ते चार्ल्स आइव्हज मात्र खास त्या भूमीचे पुत्र. दिवसा ते न्यू यॉर्कमध्यें विम्याचा धंदा करीत, आणि संध्याकाळीं व सुट्टीच्या दिवशीं संगीत लिहीत. त्यांचें दुसरें चतुष्टय १९१३ च्या सुमारास पुरें झालें. चार वाद्यें म्हणजे चार गृहस्थ. ते गप्पा मारतात, राजकारणावर वाद घालतात, हमरीतुमरीवर येतात, आणि अखेरीस मुकाट्यानें डोंगर चढून आकाश पाहतात, अशी त्यांत कल्पना आहे. तत्कालीन वादकांच्या कानांस हें संगीत वेडेंवांकडें वाटे. तें लोकांसमोर प्रथम वाजलें १९४६ सालीं, म्हणजे तीसाहून अधिक वर्षांनीं! तोंवर आइव्हज ह्यांनीं सत्तरी ओलांडली होती आणि नवी रचना करणें तर केव्हांच सोडून दिलें होतें. त्याच १९४६ सालीं न्यू यॉर्कमध्यें जुलियार्ड चतुष्टय स्थापन झालें व त्यानें नव्या अमेरिकन कृतींस आपल्या कार्यक्रमांत स्थान दिलें. तरीहि बहुतेक चतुष्टयांत नवी कृति ही दोन जुन्या कृतींच्या मध्यें भीत भीत बसविलेली असे.

क्रम्ब ह्यांची रचना अशा रीतीनें बसवितां येण्याजोगी नव्हतीच. ती पूर्ण झाली शुक्रवार, १३ मार्च १९७० रोजीं. आणि 'युद्धकाळीं' अशा अर्थाचे लॅटिन शब्द रचनाकारांनीं तिच्या स्वरलिपीवर लिहून ठेविले. तिच्यांत तेरा लहान चित्रें आहेत आणि तीन खंड: प्रयाण, अभाव व पुनरागमन. वाद्यांचा आवाज विजेच्या साहाय्यानें वाढविलेला असतो. वादकांनीं केवळ गज फिरवून भागत नाहीं. ते घंटेवर आघात करितात, खुळखुळे वाजवितात, निरनिराळ्या भाषांत आंकडे उच्चारितात, आणि पाणी भरून सुरांत लाविलेल्या कांचेच्या पेल्यांच्या कडांवरून गज ओढतात. त्या पेल्यांतून उमटणाऱ्या कोमल स्वरांवर चेलो एकटा गाऊं लागतो, तेव्हां भीषणतेच्या मधोमध प्रार्थना ऐकल्याचा भास होतो. शूबर्ट ह्यांच्या मृत्युविषयक चतुष्टयाची एक छायाहि मध्येंच तरळून जाते. पहिल्या चित्रांतील गुणगुणाट ऐकून अनेक श्रोत्यांस व्हिएतनामवर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरांचें स्मरण झालें, ह्यांत नवल नाहीं.

क्रोनोसचे आरंभींचे दिवस ओढगस्तीचे होते. हॅरिंग्टन ह्यांचे गुरु केन बेन्शूफ ह्यांनीं ह्या चौघांसाठीं पहिली नवी रचना लिहून दिली, तिचें मानधन काय? डोनट नांवाच्या गोड वड्यांची एक पिशवी! गोष्ट विनोदाची खरी. पण तिच्यांत ह्या मंडळींचा पुढील सारा मार्ग दिसतो. जुन्या रचना वाजवून नांव कमवावें आणि मग नव्यांकडे वळावें, हा रूढ क्रम त्यांनीं स्वीकारला नाहीं. हयात असलेल्या रचनाकारापाशीं जावें, आमच्यासाठीं लिहा असें म्हणावें, जमेल तें मानधन द्यावें, आणि लिहिलेलें वाजवावें, हेंच त्यांनीं व्रत मानिलें. १९७८ सालीं चतुष्टय सॅन फ्रान्सिस्को येथें स्थिरावलें. हॅरिंग्टन ह्यांच्याबरोबर व्हायोलिनवर जॉन शर्बा, व्हायोलावर हँक डट आणि चेलोवर जोन जानरेनो, असे हे चौघे पुढें वीस वर्षें एकत्र वाजवीत राहिले.

त्याच प्रदेशांतील मिल्स कॉलेजांत त्यांची गांठ टेरी रायली ह्यांच्याशीं पडली. आपल्या दृष्टीनें ही भेट विशेष लक्षणीय आहे. रायली ह्यांची 'इन सी' ही १९६४ सालची रचना गाजलेली होती. ५३ लहान स्वरवाक्यें, आणि प्रत्येक वादकानें एकेक वाक्य आपल्या मर्जीप्रमाणें पुनःपुन्हां वाजवून पुढें सरकावयाचें, अशी तिची घडण. परंतु १९७० सालीं ते पंडित प्राणनाथ ह्यांचे शिष्य झाले आणि कागदावर संगीत लिहिणें त्यांनीं जवळजवळ सोडून दिलें. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे गायक, उस्ताद अब्दुल वहीद खां ह्यांचे शागीर्द. ज्यांनीं मिरजेस आपलें घर केलें व ज्यांच्या स्वरानें महाराष्ट्र मोहून गेला, ते अब्दुल करीम खां ह्याच घराण्याचे. एकेका स्वरावर शांतपणें स्थिर होऊन त्याचें अंतरंग उलगडावयाचें, ही किराण्याची दृष्टि दिल्लीमार्गें कॅलिफोर्नियांत पोंचली होती. तेथें रायली तासन् तास एकटे वाजवीत. लिहून ठेवण्याची त्यांस गरजच वाटत नसे.

हॅरिंग्टन ह्यांनीं त्यांचा पिच्छा पुरविला. आमच्यासाठीं लिहाच, हा त्यांचा धोशा. अखेर १९८० सालीं रायली ह्यांनीं पहिली कृति लिहून दिली. त्यांच्या लिखाणांत जोर कोठें द्यावा, स्वर कोठें हलका सोडावा, ह्याच्या खुणा थोड्याच असत. त्या तालमींत चौघांनीं व रचनाकारानें मिळून शोधावयाच्या. लिहिणारा व वाजविणारा ह्यांच्यामधील भिंत अशी थोडी खालीं आली. पुढें 'सलोमी डान्सेस फॉर पीस' ही सुमारें दोन तासांची प्रदीर्घ कृति ह्याच सहवासांतून निर्माण झाली. १९९५ सालीं हॅरिंग्टन ह्यांच्यावर ऐन तारुण्यांत शिरूं पाहणाऱ्या पुत्राच्या मृत्यूचा आघात झाला. त्यानंतर रायली ह्यांनीं त्या मुलाच्या स्मरणार्थ ह्याच चतुष्टयासाठीं शोकसंगीत लिहिलें. पित्यानेंच तें वाजवावयाचें होतें. आणि त्यांनीं तें वाजविलें.

ह्या चौघांसाठीं लिहिल्या गेलेल्या कृतींत स्टीव्ह राइश ह्यांची 'डिफरंट ट्रेन्स' ही १९८८ सालची रचना फार थोर मानली जाते. राइश लहान असतां त्यांचे आईवडील विभक्त झाले. आई लॉस एंजेलिसला व वडील न्यू यॉर्कला. १९३९ ते १९४२ ह्या काळांत दाईच्या सोबतीनें हा बालक आगगाडीनें ह्या दोन टोकांच्या मध्यें ये-जा करी. पुढें त्यांच्या मनांत आलें कीं, आपण ज्यू. त्याच वर्षीं आपण युरोपांत असतों, तर आपल्या नशिबीं वेगळ्याच आगगाड्या आल्या असत्या. ह्या एका विचारावर सारी रचना उभी आहे. त्यांनीं आपल्या वृद्ध दाईचे, रेल्वेच्या डब्यांतील एका सेवानिवृत्त परिचारकाचे आणि हिटलरच्या नरमेधांतून वांचून अमेरिकेस आलेल्या तिघांचे शब्द ध्वनिमुद्रित स्वरूपांत घेतले. मनुष्य साधें बोलतो त्यांतहि चढउतार असतात. ते चढउतार राइश ह्यांनीं स्वरांत टिपले. स्त्रीचा आवाज आला कीं व्हायोला, व पुरुषाचा आला कीं चेलो, ती सुरावट उचलून धरितो. आणि मागें आगगाडीची लय अखंड चालूं राहते. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं लंडन येथें क्रोनोसनें ही कृति प्रथम सादर केली. ऐतिहासिक साक्ष ही संगीताचें द्रव्य होऊं शकते, हें त्या रचनेनें दाखवून दिलें.

ह्या चतुष्टयावर टीका झाली नाहीं असें नाहीं. वाद्यांस ध्वनिवर्धक कशाला, रंगमंचावर दिव्यांचे खेळ कशाला, आणि सिॲटलमध्येंच जन्मलेल्या जिमी हेंड्रिक्स ह्यांचें रॉक गीत संगीतसभेच्या शेवटीं वाजविण्याची काय गरज, असे आक्षेप जुन्या वळणाच्या रसिकांनीं घेतले. त्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणवत नाहीं. हजाराहून अधिक कृति व रूपांतरें एका संस्थेनें करवून घेतलीं, त्यांतील सर्वच टिकतील असेंहि नाहीं. परंतु कोणती टिकेल हें वाजवून पाहिल्याशिवाय कळावयाचें कसें? आइव्हज ह्यांच्या कृतीस तीस वर्षें वाट पाहावी लागली, ती कृति वाईट म्हणून नव्हे. ती वाजवून पाहणारे मिळाले नाहींत म्हणून.

ऐकण्याच्या ह्याच उत्सुकतेनें क्रोनोसला अमेरिकेबाहेरहि नेलें. २००५ सालीं राहुलदेव बर्मन ह्यांच्या चित्रपटगीतांची एक ध्वनिमुद्रिका त्यांनीं काढली. तींत गायिल्या, सांगलीस जन्मलेल्या आशा भोसले. आणि तबल्यावर होते मुंबईचे झाकीर हुसेन. मुंबईच्या चित्रपटशाळेंतील वाद्यमेळाचा सारा थाट चार तंतुवाद्यांवर उतरवितांना त्या वादकांनीं शिष्याच्याच वृत्तीनें काम केलें.

२०१५ सालीं चतुष्टयानें ५० नव्या रचना करवून घेण्याचा संकल्प सोडला. त्या तरुण वादकांच्या शिक्षणासाठीं होत्या, आणि त्यांच्या स्वरलिपि जगांतील कोणाहि विद्यार्थ्यास विनामूल्य उपलब्ध करून देण्यांत आल्या. २०२२ सालीं जॉर्ज क्रम्ब निवर्तले. २०२४ सालीं शर्बा व डट हे दोघे ४५ वर्षांहून अधिक सेवेनंतर निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागीं नवे वादक आले. मूळच्या चौघांपैकीं हॅरिंग्टन एकटेच उरले. पण चतुष्टय वाजत राहिलें.

सिॲटलमधील त्या रात्रीं क्रम्ब ह्यांचें संगीत आणखीहि पुष्कळांनीं ऐकलें असेल. कित्येकांनीं रेडिओ बंद केला असेल. एकानें मात्र तें शेवटपर्यंत ऐकलें, दुसऱ्या दिवशींहि विसरला नाहीं, आणि वाजविण्यासाठीं तिघांस शोधावयास बाहेर पडला. कित्येक रचनाकारांच्या कृति पेटींत न राहतां लोकांच्या कानीं पडल्या, त्याचें मूळ त्या रात्रींच्या ऐकण्यांत आहे.