विट्याच्या माळावरची रायफल

चापाखालची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर आणि भरलेले आत. १८७३ च्या विंचेस्टर रायफलची ही करामत. अमेरिकेतला शेतकरी ती दुकानातून घेई. विट्याच्या शेतकऱ्याला ते शक्य नव्हते. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट असे. पिकात डुकरे शिरली तरी बिनपरवाना रयतेच्या हाती गोफणच. १९२० च्या नियमांनी हा उघड वर्णभेद हटला, पण परवाना साहेबाच्या मर्जीवरच राहिला. सवाल इज्जतीचा होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मांडला.

१९५९ साली स्वतंत्र भारताचा हत्यार कायदा आला. तेरा वर्षांत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने, शिकारीवरही कडक बंधने आली. आज विट्यात कुणी अशी जुनी रायफल परवान्यावर घेतली, तरी तिच्या मापाचे काडतूस मिळणे मुश्किल, आणि नेम धरायचा तो चांदमारीवरच. जवळच्या सागरेश्वर अभयारण्यात १९८५ पासून हरणे निर्धास्त चरतात. त्याची खंत कशाला? आपल्या वाडवडिलांनी मागितली होती ती बरोबरी.