ऑनलाइन बाजारपेठांचे विधिदायित्व

संगणकीय जालावर विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देणाऱ्या, परंतु मालाची मालकी स्वतःकडे न घेणाऱ्या संस्थेवर, तिच्या जागेचा वापर करून इतरांनी केलेल्या बेकायदेशीर कृत्यांबद्दल येणारी कायदेशीर जबाबदारी. ही जबाबदारी कोठे सुरू होते व कोठे संपते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने उपस्थित झाला. भारतात त्याचे उत्तर मुख्यतः मुंबईतील एका कंपनीविषयीच्या खटल्यातून घडत गेले.

मूळ प्रश्न मात्र जुनाच आहे. बाजाराची जागा भाड्याने देणारा मालक गाळेधारकाच्या लबाडीस सामान्यतः जबाबदार नसतो. पण लबाडी ठाऊक असूनही तो भाडे घेत राहिला, तर त्याचा निर्दोषपणा संशयास्पद ठरतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथील एका जुन्या बाजारात बनावट ध्वनिफिती विकल्या जात. १९९१ मध्ये पोलिसांनी तेथून ३८,००० हून अधिक नकली फिती जप्त केल्या, तरी विक्री थांबली नाही. अशा परिस्थितीत बाजाराच्या चालकांविरुद्धही स्वामित्वहक्कभंगाचा दावा चालू शकतो, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने जालावरील मध्यस्थांना इतरांच्या मजकुराबाबत व्यापक संरक्षण देणारा कायदा केला; संघीय गुन्हे व बौद्धिक संपदा हे विषय मात्र त्यातून वगळण्यात आले. जमिनीवरील बाजाराचा मालक निदान गाळ्यांवरून फेरी मारू शकतो. जालावरील बाजाराच्या चालकाला माल दिसत नाही व विक्रेता बहुधा नावापुरताच ठाऊक असतो. येथे ‘ठाऊक असणे’ म्हणजे नेमके काय, हाच वादाचा गाभा होय.

भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये मध्यस्थाला मिळणारे संरक्षण तोकडे होते. गुन्ह्याची आपल्याला माहिती नव्हती किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व प्रकारची दक्षता घेतली होती, हे कलम ७९ नुसार त्यालाच सिद्ध करावे लागे. या तरतुदीची कसोटी ‘बाझी डॉट कॉम’ प्रकरणात लागली. २००० च्या सुमारास सुरू झालेली ही लिलाव-संकेतस्थळ चालविणारी कंपनी २००४ मध्ये अमेरिकेतील ‘ईबे’ने विकत घेतली. त्याच वर्षी शनिवार, २७ नोव्हेंबर रोजी एका विद्यार्थ्याने अल्पवयीन शालेय विद्यार्थ्यांसंबंधीची एक अश्लील चित्रफीत १२५ रुपयांस विक्रीस असल्याची नोंद या संकेतस्थळावर केली आणि तपासणीतून निसटावे म्हणून ती ‘पुस्तके व नियतकालिके’ या वर्गात घातली. आक्षेपार्ह शब्द हुडकणारी यांत्रिक चाळणी कंपनीकडे होती. ती या नोंदीला अडवू शकली नाही. त्याच रात्री एका वापरकर्त्याने तक्रार केली. तरीही रविवार तसाच गेला व सोमवारी, २९ नोव्हेंबरच्या सकाळी नोंद काढली गेली. तोवर आठ जणांनी चित्रफीत विकत घेतली होती. ती कंपनीच्या संगणकावर कधीच नव्हती. पैसे मिळाल्यावर विक्रेता ती ई-पत्राने परस्पर पाठवीत असे. कंपनीचा संबंध नोंदीशी, पैशांच्या देवघेवीशी व दलालीशी होता.

डिसेंबर २००४ मध्ये कंपनीचे मुख्याधिकारी अवनीश बजाज चौकशीसाठी दिल्लीस गेले असता पोलिसांनी त्यांना अटक केली. २१ डिसेंबर रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. संगणक-उद्योगातून या अटकेविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली व अधिनियमाच्या फेरविचारासाठी २००५ मध्ये केंद्र सरकारने तज्ञ-समिती नेमली. अटकेचे समर्थन करणे कठीण आहे. पण तक्रार आल्यानंतरही दीड दिवस नोंद कशी राहिली, या प्रश्नाला उद्योगाच्या निषेधात उत्तर नव्हते.

उच्च न्यायालयाने २९ मे २००८ रोजी दिलेला निर्णय या दोन्ही बाजू ओळखतो. योग्य चाळणी न ठेवणारे संकेतस्थळ विक्रीस आलेल्या वस्तूच्या अश्लीलतेची त्यास माहिती होती असे मानले जाण्याचा धोका पत्करते. म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली कंपनीविरुद्ध प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो, असे न्यायालयाने म्हटले. परंतु कंपनीला आरोपीच करण्यात आले नव्हते. केवळ संचालक म्हणून बजाज यांच्यावर दंड संहितेखालील दायित्व येत नाही; माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ व ८५ खाली मात्र खटला चालू शकतो, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी हा उरलेला भागही रद्द केला. हे अपील न वटलेल्या धनादेशांसंबंधीच्या अपिलाबरोबर ऐकले गेले, कारण दोन्ही कायद्यांत कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या दायित्वाची भाषा जवळजवळ सारखीच आहे. कंपनी आरोपी नसेल, तर तिच्या वतीने अधिकाऱ्यावर दायित्व लादता येत नाही, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. कंपनीच्या सुरक्षा-विभागाच्या व्यवस्थापकाविरुद्धची कारवाई १४ डिसेंबर २०१६ रोजी रद्द झाली. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अश्लीलतेला विशेष अधिनियम लागू असता दंड संहितेचा आधार घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. घटनेला तेव्हा बारा वर्षे लोटली होती. या दीर्घ वादात चित्रफितीतील मुलांच्या हानीचा विचार मागेच राहिला. मूळ अधिनियमात बालकांविषयी स्वतंत्र कलमच नव्हते.

ती उणीव २००८ च्या दुरुस्तीने कलम ६७ ख घालून भरून काढली. २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आलेल्या या दुरुस्तीने ‘मध्यस्थ’ या संज्ञेत ऑनलाइन लिलाव-स्थळे व बाजारपेठा यांचा नामनिर्देशपूर्वक समावेश केला आणि कलम ७९ ची रचना बदलली. यथोचित दक्षता घेणाऱ्या व प्रत्यक्ष माहिती मिळताच मजकूर हटविणाऱ्या मध्यस्थाला सूट मिळू लागली. ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना होय, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी लावला. त्यामुळे खाजगी तक्रारींचे वजन बरेच कमी झाले. २००४ च्या त्या शनिवारची तक्रार या कसोटीवर एकटी पुरेशी ठरली नसती.

यानंतर वादाचा भर अश्लीलतेकडून नकली व सदोष मालाकडे वळला. विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या बाजारपेठेस कलम ७९ चे संरक्षण मिळू नये, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१८ मध्ये पादत्राणांच्या एका फ्रेंच नाममुद्रेविषयीच्या खटल्यात मांडले. सक्रिय व निष्क्रिय मध्यस्थ असा भेद कायद्यात नाही, असे त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ॲमेझॉन-ॲमवे प्रकरणी ३१ जानेवारी २०२० रोजी म्हटले. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी विक्रेत्यांची माहिती दर्शविण्याची व तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याची सक्ती केली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सक्तीच्या गुणवत्ता-मानकांचे उल्लंघन करणारे २,२६५ प्रेशर कुकर आपल्या स्थळावरून विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला १ लाख रुपये दंड केला व ग्राहकांचे पैसे परत करण्यास सांगितले. प्रत्येक विक्रीवर दलाली घेणाऱ्यास त्या विक्रीशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही, अशी प्राधिकरणाची भूमिका होती. कंपनीने या आदेशास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.